एकवीस पायऱ्या

ताई,

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, रविवारी, सगळ्यांनी मला पुढे केलं. "प्रज्ञा बोलेल, ती कॉलेजात आहे." मी कागद लिहून नेला होता. त्यात तुझा स्वभाव होता, तुझे कष्ट होते, तुझी जिद्द होती. 'जिद्द' या शब्दापाशी आले आणि तुझा आवाज ऐकू आला, "ए प्रोफेसर, जिद्दबिद्द नको. पाय अधू होता म्हण आणि बस खाली." मी खरंच खाली बसले. लोकांना वाटलं, मला रडू आलं. रडू नव्हतं आलं. त्या कागदात एक गोष्ट लिहिलेली नव्हती, आणि ती गाळून तुझ्याबद्दल काहीही बोलले असते तरी ते खोटं झालं असतं.

ती गोष्ट तुझ्या फॉर्मची आहे.

तुला आठवत असेल, गेल्या वर्षी परळच्या त्या प्रशिक्षण केंद्राचा फॉर्म मी आणला तेव्हा तू आधी त्यावरचं नावच वाचलंस आणि हसलीस. "दिव्यांग म्हणे. दिव्य काय त्यात? पट्ट्याखाली घामोळं येतं ते?" मग चष्मा लावून ट्रेडची यादी वाचलीस. संगणक, शिवण, झाडू व सफाई साहित्य, आणि सगळ्यात शेवटी कॅलिपर व कृत्रिम अवयव. त्या शेवटच्या ओळीवर तू बोट ठेवलंस आणि बराच वेळ उचललं नाहीस.

मला तुझं कॅलिपर लहानपणी तुझ्या पायाचाच भाग वाटायचं. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जोडलेला जड बूट. तुमच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत, त्यामुळे तू सकाळी उठलीस की गुडघ्याच्या दोन कड्या खाली पडल्याचा आवाज आधी यायचा. टक, टक. मग मला कळायचं, ताई उभी राहिली. ते बिघडलं की तू कुठे नेत नव्हतीस. जमिनीवर पेपर पसरून स्वतःच उघडायचीस. रिबिट काढायचीस, चामडं भिजवून ठोकायचीस. दारूखाना भागातल्या भंगारवाल्यांकडून तुझे वडील, आपले अण्णा, तुला स्प्रिंगा आणि सायकलच्या ब्रेकची वायर आणून द्यायचे. बसायचं तर दोन्ही हातांनी दोन्ही कड्या वर ओढाव्या लागतात, मग हातातली पिशवी कुठे ठेवायची, म्हणून तू त्या दोन्ही कड्या एका वायरने जोडल्यास आणि वायरचं टोक कमरेपाशी आणलंस. एका बोटाने ओढलं की गुडघा मोकळा. तुला त्याचं काही वाटलं नव्हतं. "आळशी माणसाला सुचतं असलं," म्हणालीस.

तू ते काम करत असताना मी समोर बसून अभ्यास करायचे. आपल्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे माझा अभ्यास हा सगळ्यांचाच कार्यक्रम होता. एकदा तू म्हणालीस, मोठ्याने वाच. मी समाजशास्त्राच्या पुस्तकातलं जातीवरचं प्रकरण वाचलं. दोन पानं ऐकून तू हातोडी खाली ठेवलीस. "हे आपल्याबद्दल आहे ना? मग मला का समजत नाही?" मी काहीतरी उत्तर दिलं. आता वाटतं, ते मलाही समजलं नव्हतं, फक्त पाठ होतं.

तर, फॉर्म. दुसऱ्या पानावर रकाना होता, पालकांचा व्यवसाय. तू सांगितलंस, "महापालिकेत नोकरी, एवढंच लिही. पुढचं लिहू नको." मी हो म्हणाले. आणि लिहिलं: सफाई कामगार.

त्या आठवड्यात वर्गात आमचे सर म्हणाले होते की लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही, लाज त्यांना वाटू द्या. मला ते इतकं पटलं होतं की मी अंगात वारं भरल्यासारखी फिरत होते. अण्णांनी बत्तीस वर्षं रस्ते झाडले, माझे बाबा अजून झाडतात, ते मी का लपवू? पण फॉर्म माझा नव्हता, ताई. माझ्या फॉर्मवर मी काय लिहिलं असतं तो माझा प्रश्न होता. तुझ्या फॉर्मवर मी माझा स्वाभिमान लिहून टाकला आणि तुला सांगितलं नाही. केंद्राच्या खिडकीपाशी तुझ्या हातात कागद दिले आणि जातीच्या दाखल्याची आणखी एक झेरॉक्स काढायला पळाले.

आठ दिवसांनी मुलाखत. मी तुझ्या मागे खुर्चीवर बसले होते. समुपदेशक मॅडम चांगल्या होत्या, हे मला लिहायलाच हवं. आवाज मऊ. तुला पाणी दिलं. कॅलिपर कधीपासून वापरता, दहावीला किती मार्क, सगळं नीट विचारलं. तू तुझ्या गुडघ्याची वायर ओढून दाखवलीस तेव्हा "अरे वा" म्हणाल्या. मग विचारलं, "कांबळे म्हणजे, गाव कुठलं तुमचं?"

"संगमेश्वराकडचं."

"आणि राहता घोडपदेवला. बरं, बरं."

मग त्यांनी पान उलटलं. त्यांचं बोट रकान्यांवरून खाली आलं आणि एका जागी थांबलं. ते कुठे थांबलं ते मला लांबून दिसलं नाही, पण मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "सुजाता, तुम्हांला तळमजल्यावरचा ट्रेड बरा पडेल. झाडू आणि सफाई साहित्य. तुमच्या लोकांना त्याची सवयही असते, लगेच हात बसेल."

तू विचारलंस, "आणि कॅलिपरचा?"

"तो वर आहे हो. बावीस पायऱ्या. मला तुमचीच काळजी वाटते."

"मॅडम, आमच्या चाळीला लिफ्ट नाही. मी दुसऱ्या माळ्यावर राहते. रोज चढते."

"घरचं वेगळं. इथे पडलात तर जबाबदारी आमची."

मला तेव्हा उठून बोलायचं होतं. 'तुमच्या लोकांना' म्हणजे कुणाला, एवढंच विचारायचं होतं. वर्गात मी हात वर करून असले प्रश्न विचारते. तिथे मी खुर्चीतून उठले नाही. मला वाटत होतं, मी तोंड उघडलं तर मॅडम तो रकाना तुला वाचून दाखवतील.

तू मात्र उठलीस. "चढून दाखवते," म्हणालीस आणि जिन्याकडे गेलीसही. मॅडम, शिपाई आणि मी मागे. तू डाव्या हाताने कठडा धरलास, उजव्या काखेत कुबडी. एक पायरी, मग पाय ओढून वर, मग पुढची. मधल्या वळणावर तुझी कुबडी घसरली. शिपाई धावला तर तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "हात नको लावू रे, मोजणी चुकेल." वर पोचलीस तेव्हा तुझ्या ब्लाउजची पाठ ओली झाली होती. वर्कशॉपचं दार उघडं होतं. आत लांब टेबलं, शिकंजे, भिंतीला टांगलेले पाय. तू ते सगळं एकदा डावीकडून उजवीकडे बघितलंस.

मॅडम म्हणाल्या, "शाबास. पण या वर्षीची बॅच भरली आहे. पुढच्या वर्षी बघू."

खाली येताना तू माझ्या कानात बोललीस, "बावीस नाहीत गं, एकवीस आहेत. बाई उंबरठा पण मोजतात." मला हसू आलं नाही. तू हसत होतीस, पण वयाची अट पस्तिसाची होती आणि तू चौतीस पूर्ण केली होतीस. पुढचं वर्ष म्हणजे शेवटचं.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा वारसा हक्काने त्यांची नोकरी तुला मिळेल असं आपण धरून चाललो होतो. वैद्यकीय तपासणीत खात्याने तुला झाडू मारायला अपात्र ठरवलं. आता केंद्राने तुला झाडू बांधायला पात्र ठरवलं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे माझी बढती झाली." आणि दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावर जायला लागलीस. आत शिरलं की वर जायला वाट मिळेल, असं तुझं म्हणणं होतं.

मग ते आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. मी म्हणायचे, त्यांनी जात बघितली. तू म्हणायचीस, जिना बघितला. रोज संध्याकाळी, तुझ्या बोटांतली कुसं काढता काढता. मी म्हणायचे, तळमजल्यावर तुम्ही अकरा जण आहात, आडनावं सांग. तू सांगायचीस आणि मी बोटांवर मोजायचे. तू म्हणायचीस, त्या अकरातले सहा जण खरंच चढू शकत नाहीत. मी म्हणायचे, मालाची लिफ्ट आहे ना. दादरची केतकी, तिला तुझ्याहून मोठं कॅलिपर आहे, दोन्ही पायांना, ती रोज त्या लिफ्टने वर जाते.

"तिच्या वडिलांनी कुणा साहेबाचं पत्र आणलं," तू म्हणालीस. "शिपायाकडे किल्ली असते. पत्र असलं की उघडतात."

"मग अण्णांनी पत्र आणलं तर उघडतील?"

अण्णा दारात बसून चहा पीत होते. म्हणाले, "माझं पत्र कुणाच्या नावानं देऊ? मुकादमाच्या?" आपण तिघंही हसलो.

केतकीबद्दल तुझ्या मनात काही नव्हतं. ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली तुमच्यात येऊन बसायची. तिच्या गुडघ्यांनाही तू वायर बसवून दिलीस. मी चिडले. वर शिकते ती आणि तिचं काम खालून तू करतेस? तू म्हणालीस, "तिला बसताना त्रास व्हायचा. तुझ्या पुस्तकात बसायचा त्रास येतो का कुठे?"

मे महिन्यात मी तक्रार अर्ज लिहिला. साडेतीन पानं. त्यात भेदभाव होता, घटना होती, संधीची समानता होती. मी तुझ्यासमोर ठेवला आणि म्हटलं, सही कर. तू सगळा वाचलास. मग म्हणालीस, "तुझ्या निबंधाला माझी सही कशाला?"

"निबंध नाही. तुझ्यावर अन्याय झालाय."

"जूनमध्ये मुलाखत आहे, प्रज्ञा. शेवटची. आत्ता हे दिलं तर मॅडम काय करतील? वर बसवतील?"

"म्हणजे गप्प बसायचं?"

"जूनपर्यंत बसायचं. मग तू म्हणशील तिथे सही करते, अंगठापण देते."

मी म्हणाले, "तू घाबरट आहेस, ताई."

तू प्रोफेसर म्हणून चिडवलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त अर्जाची घडी घातलीस आणि माझ्या पुस्तकात ठेवलीस. आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हणाले, जिना, जिना करतेस कारण खरं काय ते मान्य करायची हिंमत नाही तुझ्यात. हे मी म्हणाले. जिनं तुझ्या फॉर्मवर तुला न विचारता लिहिलं आणि वर्षभर तुला सांगितलं नाही, ती मी.

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुला ताप आला. तुझी छाती लहानपणापासून कमकुवत, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आम्हाला वाटलं, जाईल. वॉर्डात मी तुझ्या पायाशी बसले होते. मास्क लावलेला, तुला बोलता येत नव्हतं. मला सांगायचं होतं, ताई, तो रकाना. पण माणसाला श्वास घेता येत नाही आणि आपण आपलं ओझं तिच्यावर उतरवायचं, हे मला जमलं नाही. की धीर झाला नाही? मला अजून ठरवता येत नाही. घाबरट कोण होतं ते मात्र मला ठरवता येतं.

परवा अण्णांनी मला हाक मारली. तुझं कॅलिपर दाराजवळ भिंतीला टेकून उभं होतं, बुटासकट. इतके दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कुणाच्या कामाला येत असेल तर देऊन ये. नि तिची सर्टिफिकिटं आण. ओरिजनल त्यांच्याकडंच हायत."

म्हणून काल मी केंद्रात गेले. मॅडम रजेवर होत्या. कारकुनाने तुझी फाईल काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, त्यातली तुमची कागदपत्रं काढून घ्या, फॉर्म राहू द्या, मी पोचवही आणतो. तो आत गेला. मी दुसरं पान उलटलं. मला माझं अक्षर बघायचं होतं.

ते माझं अक्षर नव्हतं, ताई. ते अख्खं पान तुझ्या अक्षरात होतं. तुझा तो उजवीकडे कललेला 'म'. पालकांचा व्यवसाय: महापालिकेत नोकरी.

मी झेरॉक्स काढायला पळाले तेव्हा तू खिडकीवरून कोरा फॉर्म मागून घेतला असशील. मी लिहिलेलं वाचलं असशील. दुसरं पान पुन्हा भरून, माझं पान घडी करून पर्समध्ये टाकून, मी परत येईपर्यंत कुबडीवर रेलून उभी राहिली असशील. आणि मला काही म्हणाली नाहीस. तेव्हाही नाही, मी तुला घाबरट म्हणाले तेव्हाही नाही.

मग मी पहिलं पान बघितलं. तुझ्या नावाशेजारी, आडनावाला लागून, पेन्सिलने बारीक लिहिलं होतं: तळमजला.

पहिल्या पानावर. मॅडमनी दुसरं उलटायच्या आधी की नंतर, ते मला सांगता येणार नाही. पेन्सिलचा एक शब्द काही सिद्ध करत नाही, एवढं माझ्या शिक्षणाने मला कळतं. पण मुलाखतीत त्यांचं बोट ज्या रकान्यावर थांबलं असं मी वर्षभर समजत होते, तिथे थांबण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. माझ्या दोन शब्दांनी तुझं काही बिघडलं नव्हतं. तू ते लपवूनही बघितलं होतंस आणि उपयोग झाला नव्हता.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट तिथेच, त्या बाकावर, आपलं भांडण मला पहिल्यांदा समजलं. तू जिना का म्हणत होतीस ते. नावाचं तू काय करणार होतीस? ते दहावीच्या सर्टिफिकिटापासून सगळीकडे होतं. जिना असला तर तो चढता तरी येतो. तुला जूनपर्यंत रोज तिथे जायचं होतं, म्हणून तू तो जिनाच आहे असं धरून चालली होतीस. मी रोज संध्याकाळी तुझ्या हातातून तेवढंही काढून घ्यायला बघत होते.

कारकून आला. मी सही केली, सर्टिफिकिटं घेतली, आणि कॅलिपर उचलून जिन्याकडे गेले. शिपाई म्हणाला, "ते खालीच ठेवा ना, वर कशाला?" मी थांबले नाही.

वर्कशॉपमध्ये म्हातारे मास्तर एकटेच होते. त्यांनी कॅलिपर घेतलं, टेबलावर आडवं ठेवलं, चामड्यावरून अंगठा फिरवला. मग वायर दिसली. त्यांनी ती एकदा ओढली, सोडली. पुन्हा ओढली. कड्या वर गेल्या, खाली पडल्या. टक, टक.

"हे आमच्याकडचं नाही," ते म्हणाले. "असंच केतकीच्या पायाला बघितलं मी. विचारलं तर म्हणाली, खालच्या एकीने करून दिलं."

"तीच," मी म्हणाले. "माझी ताई. गेली ती."

त्यांनी कॅलिपर स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, "एवढा हात होता, तर वर का नाही आली?"

माझ्याजवळ दोन उत्तरं होती, तुझं आणि माझं. वर्षभर आपण दोघींनी तीच घोटली होती. मी म्हणाले, "आली होती. कुबडी घेऊन, चालत, या दारापर्यंत. अर्जही केला होता. फाईल खाली आहे. तुम्ही स्वतः जाऊन बघा. पहिल्या पानावर तिच्या नावाशेजारी पेन्सिलने काय लिहिलंय ते वाचा आणि मॅडमना विचारा." या वेळी मी बोलले.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वाचतो," म्हणाले. मग खणातून पुठ्ठ्याचं लेबल काढलं. "हे मी मुलांना दाखवायला ठेवतो. नाव सांग."

"सुजाता शांताराम कांबळे."

ते 'रुग्ण' लिहिलेल्या ओळीवर लिहायला लागले. मी म्हणाले, "तिथे नाही." आणि खालच्या ओळीवर, जिथे बनवणाऱ्याचं नाव लिहितात, तिथे बोट ठेवलं. त्यांनी वरचं अक्षर खोडलं आणि खाली लिहिलं. पूर्ण नाव, पेनाने.

तुझी जागा अशी मिळायला नको होती. त्या टेबलाशी तू बसायला हवी होतीस, लेबल तू लिहायला हवं होतंस. हे काहीच नाही, हे मला कळतं. तो तक्रार अर्ज अजून माझ्या पुस्तकात आहे, तू घातलेल्या घडीसकट. साडेतीन पानांचं मी एक पान करणार आहे. तळमजल्यावर अजून दहा जण आहेत. आधी त्यांना वाचून दाखवीन, आणि त्यांना समजलं तरच पुढे देईन.

काल उतरताना मी पायऱ्या मोजल्या, ताई. एकवीसच आहेत.